आपलं नाव शोधा

“तुला वेगळा नियम नाही. बाकीच्यांनी शोधलं तसं तूही शोध, आणि जे येईल ते मोठ्याने वाच.”

संगणकाच्या तासाला नेटबाई स्वतःच्या लेकीला असं म्हणाल्या तेव्हा वर्गातली चुळबुळ थांबली. नेटबाई हे मुलांनी ठेवलेलं नाव. इंटरनेटवर जपून कसं वागावं हे शिकवायला त्यांना आजूबाजूच्या शाळांतूनही बोलावणं यायचं, आणि त्याचा तोरा त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचा. पासवर्ड कुणाला सांगू नका, फोटो कुणाला पाठवू नका, एकदा दिलेलं परत मिळत नाही, हे सगळं त्या झोपेतही घडाघडा म्हणाल्या असत्या. आज त्यांचा लाडका पाठ होता. ज्याने त्याने आपलं नाव शोधायचं आणि जग आपल्याला काय म्हणून ओळखतं ते पाहायचं. एकाचं नाव धावण्याच्या शर्यतीत निघालं, एकीचं चित्रांच्या प्रदर्शनात, बऱ्याच जणांचं कुठेच नाही. आठवीतली लेक मात्र हाताची घडी घालून बसली होती. त्यात मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून तास बघत होते. घरच्या पोरीला सूट दिली असं बाईंना दिसू द्यायचं नव्हतं.

“बाई, मी नाही करणार,” ती म्हणाली. शाळेत ती आईला बाईच म्हणायची.

“उभी राहा आणि वाच.”

तिने नाव टाकलं, उभी राहिली आणि बातम्या वाचाव्यात तशा सपाट आवाजात वाचू लागली. “‘आमच्या राजकन्येने गणितात भोपळा आणला. काय करू हिचं?’ खाली हसरे चेहरे. ‘चौथीत गेली तरी गादी ओली. मैत्रिणींनो, कुणाकडे उपाय असेल तर सांगा.’ फोटोत गादी वाळत घातली आहे आणि शेजारी मी उभी आहे. पुढचं वाचू का, बाई?”

पेज लेकीच्या नावाचं आणि बाईंच्या हातचं. नवरा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात, तेव्हा त्याला पोर वाढताना दिसावी म्हणून त्यांनी ते सुरू केलं होतं. मग लोक वाहवा करू लागले आणि बाईंना चटक लागली. पुढेपुढे नवरा ते पाहतो की नाही, हे विचारायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्यांच्या आईबापांना उपदेश करताना आपलंही एक पेज आहे हे बाईंना कधी आठवलं नाही.

वर्गात कुणी हसलं नाही. मुलं किती समजूतदार, असं वाटून बाईंना क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं की कुणाला नवलही वाटलं नव्हतं. सगळ्यांनी ते केव्हाच पाहिलेलं होतं. लेकीला पोरं ‘गादी’ म्हणतात हे बाईंनी फाटकापाशी ऐकलं होतं. ती जरा अंगाने भरलेली, म्हणून म्हणत असतील असं त्यांनी ठरवून टाकलं, तिचा संध्याकाळचा खाऊ बंद केला, तिला मैदानावर पळवलं आणि धापा टाकतानाचा फोटोही पेजवर चढवला. इतकं शिकलेलं माणूस इतकं आंधळं कसं असतं, देव जाणे.

मुख्याध्यापक खाकरले आणि निघून गेले.

घरी आल्यावर लेकीने आईचा फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला. “पेजवरचं सगळं काढून टाक. एकेक बघून काढून टाक.”

बाई आधी चिडल्या. चारचौघांत आईची शोभा केलीस म्हणाल्या, जिभेला हाड नाही म्हणाल्या. मग मऊ पडल्या. मी कौतुकाने केलं गं, लोकांना तुझा किती लळा आहे, पोरं काय, चार दिवसांत विसरतील. लेकीने सगळं बोलू दिलं आणि सांगितलं की काढलं नाहीस तर ती आत्याकडे राहायला जाईल. आत्याचा फोन साधा होता, त्यात कॅमेरा नव्हता. लेकीची बॅग भरून दाराशी ठेवलेली बाईंना तेव्हा दिसली.

“बरं, काढते,” त्या म्हणाल्या. “आधी फोनमध्ये उतरवून तर घेऊ दे.” जुना फोन बादलीत पडून बिघडला होता. ते फोटो त्या पेजखेरीज कुठेच नव्हते.

“नाही. तुझ्याकडे राहिले तर परत टाकशील.”

“अगं, तुझं सगळं लहानपण आहे त्यात. माझ्याकडे दुसरं काही नाही.”

“एकदा दिलेलं परत मिळत नाही, असं तूच शिकवतेस ना? मग मला नाही मिळणार, तसं तुलाही नाही.”

बाई एकेक फोटो पेजवरून काढून टाकत गेल्या. लेक खांद्यामागे उभी राहून बघत होती. लोकांच्या फोनमध्ये गेलेलं काही यातून निघणार नव्हतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. सगळ्यात जुना फोटो आला तेव्हा बाईंचा अंगठा थांबला.

“एवढा एक राहू दे. तू पहिल्यांदा चाललीस तो दिवस आहे.”

“मी रडतेय यात.”

“पडली होतीस ना, म्हणून.”

“मग आधी उचललंस, की आधी फोटो काढलास?”

उत्तर समोरच होतं. बाईंनी तोही काढून टाकला आणि तोंडाला पदर लावून रडल्या. लेकीने त्यांना पाणी विचारलं नाही. बॅग मात्र तिने उचलून आत नेली.

सकाळी ती दारात उभी राहून बुटाचे बंद बांधत होती. कधी नव्हे ती तिने स्वतःच वेणी घातली होती, जरा वाकडी, पण तिला शोभत होती. बाई बघत राहिल्या आणि नीट दिसावी म्हणून त्यांनी टेबलावरचं चष्म्याचं काळं, फोनएवढं घर उचललं. त्याबरोबर लेकीचं दप्तर झटकन तोंडापुढे आलं.

बाईंनी चष्म्याचं घर खाली ठेवलं आणि दोन्ही रिकामे हात पुढे करून दाखवले. लेकीने दप्तराच्या कडेवरून त्या हातांकडे पाहिलं. मग दप्तर तसंच तोंडापुढे धरून ती जिना उतरून गेली.