दारातला मुक्काम

धाकट्याचा फोन आला तेव्हा थोरली एका टॅक्सीची मागची सीट उसवत बसली होती.

"ताई, आई तुझ्याकडे यायला तयार झालीय," तो म्हणाला. "पण बसून प्रवास जमायचा नाही तिला. वाटेत एक रात्र काढावी लागेल आणि लॉजचे जिने चढणं तर सोडूनच दे. माझ्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करशील?"

थोरलीनं हातातली कात्री खाली ठेवली. आई तिच्या घरी कधीच आली नव्हती. नवऱ्याला सोडून थोरलीनं गाड्यांच्या सीटा शिवायचा हा धंदा टाकला, तेव्हापासून आई चार लोकांत "मोठी लांब असते" एवढंच सांगून विषय बदलायची. आता खुब्याचं हाड मोडलं होतं, भावजय टेकीला आली होती. म्हातारपणानं का होईना, आई नमली. निदान थोरली तसं धरून चालली.

"गाडी आणून दे," ती म्हणाली. "आणि आईचं गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊन ये."

"ते कशाला?"

"उठून बसली की पाय टेकायला नकोत? का लोंबकळत ठेवायची तिला?"

धाकटा त्या व्हॅनमधून बेकरीचा माल पोचवायचा. आत शिळ्या पावाचा वास मुरला होता. थोरलीनं आधी तो साबणाच्या पाण्यानं घासून काढला. मग प्लायचा पलंग बेतला, आईच्या मापाचा. खाली कडक फोम, वर मऊ. नुसता मऊ घातला तर हाडाला आधार राहत नाही आणि नुसत्या कडक फोमवर झोप येत नाही. खिडक्यांच्या आकाराची जाड आवरणं शिवली, पण काच खाली घेऊन वारा यावा म्हणून दोन्ही बाजूंना बोटभर फट राखली. बंद गाडीत माणूस रात्रभर झोपलं की श्वासाचं पाणी होऊन काचांवरून गळतं. छताला धरायला पट्टा लावला, दाराला बारीक जाळी, पलंगाखाली पॉटची खुर्ची.

शेवटी स्वतः त्या गादीवर आडवी झाली आणि शेजारच्या गॅरेजवाल्याला गाडी चालवायला लावली.

"बाई, लोक ॲम्ब्युलन्स समजून वाट देतायत," तो पुढून ओरडला.

"देऊ देत. त्या स्पीडब्रेकरवरून परत घ्या. उशाकडची फळी कुरकुरतेय."

"तुमच्या आई नाहीत का कुरकुरत?"

"तिचं पुढे बघू. आधी फळी."

धाकटा व्हॅन घेऊन गेला आणि थोरली घराच्या मागे लागली. आतल्या खोलीत त्याच उंचीचा पलंग केला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. उंबरा सुताराकडून तासून घेतला. सुतार म्हणाला, "पाहुण्या मोठ्या दिसतायत." ती हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण सुतारानं वळून पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी व्हॅन दारात उभी राहिली. थोरलीनं मागचं दार उघडलं. आई उशीला टेकून बसली होती, चेहरा टवटवीत.

"काय झोप लागली गं काल! हाड मोडल्यापासून अशी लागली नव्हती."

"आता उतर. आत याहून चांगली लागेल."

"चहा इथंच आण," आई म्हणाली.

चहा झाला. जेवणही गाडीत झालं. गॅरेजवाला मुद्दाम पाहायला आला, जाळीतून डोकावून म्हणाला, "झकास झालंय की नाही, आजी?"

"झालंय ना. माझ्या लेकानं करवून घेतलं," आई म्हणाली.

धाकटा बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. गॅरेजवाल्यानं थोरलीकडे पाहिलं आणि काहीतरी काम आठवल्यासारखा निघून गेला.

"आई, पुरे आता," थोरली म्हणाली. "अंधार पडला. आत चल."

"कशाला? मी इथेच बरी. पाय टेकतात, पाठ दुखत नाही, वारा येतो. सकाळी लवकर निघू म्हणजे ऊन लागायचं नाही."

"सकाळी?" धाकटा एकदम म्हणाला. "अगं, महिनाभर राहायचं ठरलंय ना आपलं?"

"तुझ्या बायकोचं ठरलं असेल. ही तुझी ताई बोलवत होती, आले. दारात आले की नाही?"

"मग चार पावलं राहिली," थोरली म्हणाली. "तेवढीच का जड?"

आईनं पांघरुणाची घडी सरळ केली. आवाज चढवला नाही. "एक रात्र जरी तुझ्या घरात झोपले, तर तू केलंस ते बरोबर होतं, असं होईल. एवढी वर्षं मी लोकांपुढे मान खाली घातली, ती काय उगाच?"

थोरली गाडीभोवती फिरून पुढच्या दाराशी आली. पलंग चार बोल्टवर उभा होता. पाना खिशातच होता. बोल्ट सोडवले असते तर पलंग झोपण्याजोगा राहिला नसता आणि आईला घरात येण्यावाचून गत्यंतर उरलं नसतं. धाकट्यानं तिचा हात खिशात गेलेला पाहिला आणि हळूच म्हणाला, "काढ, ताई. मी काही बोलणार नाही."

ती तशीच उभी राहिली. आतून आईचा आवाज आला.

"अगं, डोकं खाली जातंय माझं. गाडी तिरकी लागलीय."

गल्लीला उतार होता आणि उशी उताराच्या बाजूला आली होती. थोरलीनं दुकानातून दोन लाकडी ठोकळे आणले, धाकट्याला गाडी त्यांवर चढवायला लावली. वाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. उशाकडची बाजू थोडी उंच झाली, तेव्हा हात झटकले.

"आता?"

"आता छान," आई म्हणाली. "आणि तो तुझ्या पुढच्या खोलीतला दिवा घालव बाई. फटीतून डोळ्यावर येतोय."

थोरली घरात गेली. दिवा घालवला. मग दार लावलं आणि आतून कडी घातली.