फरश्यांची खोली आणि हॉलमधला सोफा

"आई, बाबा, आपण गरीब आहोत की कंजूष?"

हा प्रश्न आमच्या घरात एका शनिवारी संध्याकाळी विचारला गेला, आणि विचारणारी माझ्यावर मांडी घालून बसली होती. प्रश्न खरं तर तिचा नव्हता. तिच्या दोन मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात घातला होता. आवाज मात्र तिचाच होता, चांगला खणखणीत. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, त्यावरून त्यांनाही उत्तर ऐकायचं असावं.

मित्रांनो, हे सांगणारा मी कोण, असं तुम्ही विचारालच. मी या घरातला एक जुना सोफा-कम-बेड आहे. दिवसा बसायचं, रात्री पाठ ओढून पसरायचं, हे माझं काम. माझ्या पोटात एक लांबलचक पेटी आहे. तिच्यात गाद्या आहेत, स्वेटर आहेत, आणि कोणालाच नको असलेली पण टाकवत नसलेली भांडी आहेत.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात उरलेल्या मालातून झाला. कोणाच्या तरी कपाटाचं प्लायवूड उरलं होतं, कोणाच्या तरी दाराची लाकडं उरली होती. ती वाया कशाला घालवायची, म्हणून सुताराने मला ठोकून उभं केलं. एका गिऱ्हाइकाने मला पसंत केलं, आगाऊ पैसेही दिले. मग आपल्या जिन्याच्या वळणावर हा मावणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पाठ फिरवली. मी दुकानाच्या दारात पडून राहिलो. दुपारी सुतार माझ्यावर बसून डबा खायचा, एवढाच काय तो माझा उपयोग.

एक दिवस एक जोडपं आलं. बाईंच्या कडेवर मुलगी होती. त्यांनी नुकतंच बँकेचं कर्ज काढून घर घेतलं होतं. बाई माझ्यावर बसून हलून डुलून पाहू लागल्या. त्यांच्या यजमानांनी मात्र मला उलटं केलं आणि माझे स्क्रू तपासले. ते लिफ्टचे मेकॅनिक. कुठलीही वस्तू आधी खालून बघायची, हा त्यांचा स्वभाव. कडेवरच्या मुलीने एवढ्यात माझ्यावर दूध सांडलं, तेव्हा मला घेण्यावाचून त्यांना गत्यंतरच राहिलं नाही.

"तात्पुरता असू दे," ते बाईंना म्हणाले. "कर्ज फिटलं की चांगला घेऊ."

'कर्ज फिटलं की' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पुढे ते मला घड्याळाच्या टिकटिकीसारखे सवयीचे झाले. ओट्यावरचा नळ गळतोय? कर्ज फिटलं की बदलू. चार दिवस कुठेतरी फिरून यायचं? कर्ज फिटलं की. आणि मागची खोली? ती तर कर्ज फिटल्याबरोबर लगेच.

या मागच्या खोलीबद्दल सांगायलाच हवं. घर थोडं स्वस्तात मिळालं होतं, कारण बिल्डरने ती खोली अर्धवट सोडली होती. खाली नुसता कोबा, भिंतींना नुसतं प्लॅस्टर, छताला लोंबणारा एक दिवा. ही खोली मुलीची, हे पहिल्या दिवशीच ठरलं. पण बाबांचा एक नियम होता, की अर्धवट काम करायचं नाही. लिफ्टच्या कामात अर्धवटपणा म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ, आणि हाच नियम त्यांनी घरालाही लावला होता. करायची तर खोली एकदाच करायची. फरशी, रंग, कपाट, पलंग, सगळं एका दमात.

मग फरश्यांचं एक दुकान बंद होत असल्याची बातमी त्यांना लागली. माल अर्ध्या किमतीत निघत होता. बाबा टेम्पो भरून फरश्या घेऊन आले. सुंदर होत्या, फिकट निळ्या, अगदी मुलीच्या पसंतीच्या. जोडीला रंगाचे डबेही आले. ठेवणार कुठे? मागच्या खोलीत. फरश्यांची खोकी जड, वरचेवर हलवली तर कोपरे उडतात. म्हणून बाबांनी बजावून ठेवलं की आता ती हलतील ती लावण्यासाठीच. अशा रीतीने, मित्रांनो, ती खोली स्वतःच्याच सामानाने भरून गेली, आणि जिच्यासाठी हे सगळं आणलं होतं, ती माझ्यावर झोपत राहिली.

मला काही वाईट वाटलं नाही. उलट ती माझी ऐट होती. ती लहानाची मोठी झाली ती माझ्या पाठीवर. तिच्या तापात मी तापलो, तिच्या परीक्षांत मी जागलो. पाहुणे आले की 'काय सोय आहे हो' म्हणून माझं कौतुक करायचे. पण सोयीच्या वस्तूकडे कोणी फार काळ बघत नाही. माझं कापड विरलं, एक स्प्रिंग वर आली. तेव्हा आत्या धावून आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. दुकानात उरलेलं रेक्झिन आणून तिने मला नवे कपडे घातले. एका अंगाने मरून, दुसऱ्या अंगाने करडं, कारण दोन वेगवेगळ्या गाड्यांचं उरलं होतं.

"राणीसरकार, सिंहासन तयार आहे," ती भाचीला म्हणाली. मग भावाकडे वळून म्हणाली, "अरे, बँकेला एवढं देतोस, बँक तुला जेवायला बोलावते का कधी?"

बाबा हसले, आणि त्या महिन्यातही उरलेले पैसे बँकेत भरून आले.

आता मुलगी मोठ्या वर्गात गेली आहे. आधी ती इतकं हळू बोलायची की फोनवर समोरचा माणूस 'कोण आहे, कोण आहे' करत फोन ठेवून द्यायचा. यंदा शाळेत सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली आणि ऐनवेळी हिला माईकसमोर ढकललं. त्या दिवसापासून हिचा आवाज जो फुटला, तो बंद व्हायचं नाव नाही. भाषणाचा सराव ती माझ्यावर उभी राहून करते. हातवारे तिचे असतात आणि कंबर माझी मोडते.

पैजेच्या त्या शनिवारी तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. एक उंच, एक चश्मिष्ट. माझे दोन रंग बघून उंच मैत्रीण म्हणाली, "चला, टॅक्सीत बसा." मी मनाला लावून घेतलं नाही. मग त्यांनी तुझी खोली दाखव म्हणून हट्ट धरला. मुलीने मागचं दार उघडलं. खोकी छातीएवढी रचलेली होती. मैत्रिणी भिंतीला टेकून हसत सुटल्या.

"अगं, फरश्यांना स्वतंत्र खोली आणि तू हॉलमध्ये?" चश्मिष्ट म्हणाली.

मुलगीही हसली. पण माझ्यावर येऊन बसली तेव्हा तिने उशी पोटाशी गच्च धरली होती. तिथेच तो प्रश्न तयार झाला. हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज लागली, आणि मैत्रिणी घरी गेल्या.

प्रश्न ऐकल्यावर आई आधी हसली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करते. दिवसभर बारीक बघून तिचे डोळे शिणलेले असतात, पण जीभ ताजी असते.

"कंजूष तुझे बाबा, गरीब मी," ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. "आपण घाईत आहोत," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नुसता हप्ता भरत राहणं म्हणजे जिन्याने चढणं. पायरी पायरीला व्याज. पण हप्त्याच्या वर काही भरलं की ते सरळ मुद्दलातून वजा होतं, म्हणजे लिफ्टने मधले मजले गाळून वर. म्हणून तर ते रविवारीही जादा ड्युटी करतात. मुलीने सगळं ऐकून घेतलं. तिला ते पटलंही. फक्त शेवटी तिने विचारलं, की पुढच्या रविवारी आमचा वक्तृत्वाचा कार्यक्रम आहे, त्या दिवशी तरी तुम्ही जिन्याने याल का? बाबांनी नक्की म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी एका इस्पितळाची लिफ्ट मध्येच अडकली, आत पेशंट होता. बाबांना फोन आला आणि ते गेले. यात कोणाचीच चूक नव्हती, हे मुलीलाही कळत होतं. म्हणूनच तिला रागावताही येईना, आणि ते जास्त वाईट. तिला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षिसाचा कप तिने माझ्या पेटीत त्या नको असलेल्या भांड्यांत टाकला.

संध्याकाळी बाबा परतले ते कामाच्या कपड्यांतच माझ्यावर बसले. असं ते कधीच करत नसत, माझ्या रेक्झिनला ग्रीस लागेल म्हणून जपत. हत्यारांची पिशवी मांडीवरच होती. "सगळं भाषण म्हणून दाखव," ते म्हणाले. "एक शब्द गाळायचा नाही."

ती नाही म्हणाली. मग उठली, समोर उभी राहिली आणि बोलू लागली. निम्मं भाषण व्हायच्या आत बाबांची मान माझ्या पाठीवर कलली. मला त्यांचं सगळं वजन कळलं. दमलेला माणूस जागेपणापेक्षा झोपेत जड होतो. ती थांबली. मला वाटलं, आता पाय आपटत जाईल. पण तिने आवाज हळूहळू खाली आणला आणि भाषण शेवटपर्यंत पूर्ण केलं. मग त्यांच्या मांडीवरची पिशवी अलगद काढून खाली ठेवली. काढताना तिला कळलं की ती केवढी जड आहे.

पुढच्या आठवड्यात बाबांचा वर्षअखेरचा बोनस आला. रक्कम बरीच होती. संध्याकाळी आई-बाबा माझ्या दोन टोकांना बसले, बाबा मरूनवर आणि आई करड्यावर. बाबांचं म्हणणं, हे सगळं भरलं तर पुढच्या वर्षी कर्ज संपतं आणि घर आपलं होतं.

"आत्ता कोणाचं आहे?" आई म्हणाली.

बाबा बोटांवर हप्ते मोजू लागले. आई म्हणाली की खोली आत्ताच करू, कर्ज चालू दे. "तिची खोली तयार होईल तेव्हा ती शिकायला दुसरीकडे गेलेली असेल. मग त्या निळ्या फरशीवर आपण दोघं बसू आणि तिला फोन लावू."

बाबा म्हणाले की ते दमलेत, म्हणून तर लवकर संपवायचंय. आई म्हणाली की तेही खरं. दोघांचंही खरं असलं की भांडण मोठं अवघड होतं. शेवटी बाबा म्हणाले की खोली तिची आहे, तर तिलाच विचारू. ती दाराशी उभी राहून ऐकतच होती. तिने उद्यापर्यंतचा वेळ मागून घेतला.

मित्रांनो, मला त्या रात्री काळजी लागली होती. खोली झाली की नवा पलंग येणार आणि मी भंगारवाल्याकडे जाणार, हे जुनंच ठरलेलं होतं. पण खरं सांगतो, तिला खोली मिळू नये असं मला एकदाही वाटलं नाही. वस्तूंना जपा, पुसा, झाका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. वस्तूंना वापरा. खोक्यात राहिलेली फरशी झिजत नाही, पण तिच्यावरून कोणी धावतही नाही. माझ्या स्प्रिंगा गेल्या, माझे कपडे दोन रंगांचे आहेत, तरी मी त्या निळ्या फरश्यांपेक्षा जास्त जगलो आहे. चांगल्या दिवसांसाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टी एकदा बाहेर काढून बघा. आणि माणसांचंही तसंच करा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मुलगी बराच वेळ मागच्या खोलीत होती. मग ती कोणाशी तरी फोनवर बोलली, मोठ्या माणसासारखी, अहो-जाहो करून. आई-बाबा कामावरून आले. तिने त्यांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "पैसे बँकेत भरा. पण सगळे नाही. आधी नळ बदला, आणि थोडे आईच्या हातात राहू द्या. मी खोलीत राहायला जाणार आहे, आहे तशीच. फरशी नंतर लावू, रंग नंतर देऊ. मला फरशी नकोय, मला दार हवंय."

"अगं, कोब्यावर?" बाबा म्हणाले. "असं अर्धवट..."

"सोफा घेऊन जाणार ना. तुम्ही दोघं हॉलमध्ये खुर्च्यांवर बसा." मग तिने एक मोठा श्वास घेतला. "फरश्या गॅलरीत रचायच्या. ती खोकी आईला आणि मला उचलणार नाहीत, म्हणून बाबा, येत्या रविवारी तुम्ही घरी आहात. विचारत नाहीये, सांगतेय. तुमच्या साहेबांना मी मघाशीच फोन करून कळवलंय."