शेळी आणि कासव

सोनपेठजवळच्या त्या छोट्या शाळेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. महिन्यापूर्वी दुसरीच्या चाचणीत एकतीसपैकी चारच मुलांना वाचता आलं होतं. मग गावात आलेल्या शिवशंकर महाराजांनी सगळ्यांच्या जिभेवर मंतरलेला मध ठेवला. आजच्या चाचणीत एकतीसच्या एकतीस पास!

"अक्षर शिकवायचं नसतंय, बाबांनो," महाराज गरजले, "जिभेवर पेरायचं असतंय!"

मुख्याध्यापक पंडित सरांनी मान डोलावली. न शिकवता लागलेला निकाल कुणाला नको असतो?

नव्यानं बदलून आलेल्या पंकजा मॅडम मागे उभ्या होत्या. विज्ञान शिकलेल्या या बाईंना मधाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की तो गोड असतो.

निकिताची आई केशरबाई हरखून त्यांच्याजवळ आली. "मॅडम, आमची निकिता वाचायलीय की! आता आजीपाशी कशाला ठेवायची? उद्या ऊसतोडीला संगं न्यायलोय. धाकट्याला सांभाळंल."

आता मात्र मॅडमना राहवेना. सकाळची चाचणी त्यांनी पाहिली होती. वाचायचं कार्ड सगळ्यांना एकच, तेही मागच्या महिन्याचं. हुशार भक्ती सगळ्यांत पुढे, बाकीची रांगेत कान टवकारून, निकिता शेवटी.

त्यांनी एका कोऱ्या पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहिल्या. "निकिता, वाच बाळा."

निकितानं अक्षरांवर बोट फिरवत खणखणीत सुरुवात केली, "शेळी टेकडीवर गेली. तिनं पाला खाल्ला. तिला तहान लागली. ती नदीवर आली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी पुठ्ठा भक्तीकडे दिला.

"विहिरीत कासव आहे. ते झोपलं आहे," भक्तीनं वाचलं आणि गोंधळून वर पाहिलं. "मॅडम, ह्याच्यात शेळी न्हाईच की!"

"शंका घेतली की मंत्र उतरतोय!" महाराज ओरडले.

"मंत्र उतरला म्हणता, महाराज," निकिताची आजी कस्तुराबाई म्हणाली, "मग शेळी तेवढी कशी ऱ्हायली?"

हशा पिकला. निकिताचे डोळे भरून आले. मॅडमनी तिला जवळ घेतलं.

"चूक हिची नाही. हिचं पाठांतर पक्कं आहे. पाठांतर मोजून आपण 'वाचन' लिहिलं. मुलाला एकट्याला बसवा, कधी न पाहिलेला मजकूर द्या, दोन दिवसांनी दुसऱ्या शिक्षकांकडून पुन्हा तपासून घ्या. निकाल जुळला, तरच विश्वास ठेवा. महाराजांवर नको, माझ्यावरही नको."

केशरबाईनं तो पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. तिलाही त्यात शेळी दिसत नव्हती, आणि कासवही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीचा ट्रॅक्टर केशरबाईला घेऊन गेला. निकिता आजीपाशी राहिली. शाळेत तिनं तोच पुठ्ठा पुढे ओढला, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि थांबली.

"मॅडम, हे कोणतं हाय?"

एवढं विचारायला तिला मध लागला नाही.