पावाच्या फळीखालचे निळे गाढव

मित्रांनो, मी एक जुनी पावाची फळी आहे. मोरोक्कोतल्या अस्सुवैरा बंदरात एका सुताराने मला घडवले आणि मी लल्ला राबहांच्या स्वयंपाकघरात आले; आमच्याकडे मानाच्या बाईला लल्ला म्हणतात. मळलेल्या कणकेचे गोल पाव माझ्यावर मांडायचे, वर फडके टाकायचे आणि मला डोक्यावर घेऊन गल्लीतल्या भट्टीवर पोचवायचे, एवढेच माझे काम. माझ्या खालच्या अंगाकडे कोण कशाला बघेल?

बघितले ते राबहांच्या सुनेने, तामूने. तिला विलक्षण स्वप्ने पडत. पण त्या बाबतीत सासूबाई भारी कडक. "स्वप्न सांगावं ते आपल्यावर जीव असणाऱ्यालाच, आणि त्यानंही आधी 'भलं होवो' म्हणावं. परक्यापर्यंत गेलं की नासलंच म्हणून समज," असे त्या बजावत. नवरा मासेमारीला दूर समुद्रावर. मग सांगावे कोणाला? पोटात तर मावेना. एके दुपारी तिने मला उपडे घातले आणि होडीला लावून उरलेल्या रंगाने माझ्या पाठीवर एक निळे गाढव काढले. गाढवाच्या पोटात समुद्र आणि समुद्रात होड्या! खरे सांगते, जन्मात प्रथमच मला माझा अभिमान वाटला.

पुढे स्वप्न पडेल तशी चित्रात भर पडू लागली. गाढवाला पंख फुटले. केसांत मासे माळलेली एक बाई त्याच्यावर ऐटीत बसली. रंग वाळला की मी पुन्हा सुलटी, पुन्हा पावांच्या सेवेला हजर. तामूला वाटे, आपले गुपित फळीखाली सुखरूप आहे.

पण भट्टीवाले बा जिलाली पाव आत सारून झाले की रिकामी फळी भिंतीला टेकवत, आणि टेकवत ती चित्र बाहेर करून! पावासाठी थांबलेल्या बायका माझ्यापुढे घोळका करत. तामूला हे सांगायचे तर फळीला कुठले तोंड?

एक दिवस फडके विसरले म्हणून तामू भट्टीवर लवकर परत आली आणि तिने तो घोळका पाहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला काखेत मारून ती तडक घरी आली. त्यानंतर तिला स्वप्नच पडेना. "नासलं सगळं," असे म्हणत तिने होडी घासायचा खरखरीत कागद आणला आणि तो गाढवाच्या कानावर फिरवला. मित्रांनो, मी फार घाबरले. त्या चित्राशिवाय माझे असे होते तरी काय?

तेवढ्यात दारातून हाक आली. "काय लल्ला, भट्टीवर रुसलात की काय? गल्ली विचारतेय, निळं गाढव गेलं कुठं?" बा जिलाली आले होते.

"कसलं गाढव?" सासूबाईंनी विचारले. जिलालींनी सगळे सांगून टाकले, तशा त्या कडाडल्या, "तामू, परक्यांना स्वप्न दाखवलंस?"

"परके कोण, लल्ला? तुमच्या लेकाच्या बारशाचा पाव मी भाजलाय. आणि असलं गाढव स्वप्नातलंच, हे कुणालाही कळतं; रीत सोडून कुणी बघत नाही. आधी 'भलं होवो', मगच नजर वर. त्या गाढवाला मिळाले तेवढे आशीर्वाद मला जन्मात मिळाले नाहीत!"

तामूच्या हातातला कागद गळून पडला. सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीनं पाहिलं, मलाच नाही दाखवलंस. माझा जीव नाही का गं तुझ्यावर?"

तामूला रडू कोसळले. रडतच तिने मला सासूबाईंच्या मांडीवर ठेवले. त्यांनी डोळे मिटून "भलं होवो" म्हटले आणि मगच पाहिले.

"कान कुठाय ह्याचा?"

"घासला गेला, लल्ला."

"मग आण तो रंग इकडं. बहिरं गाढव काय कामाचं?"

आता तामू मोठमोठ्या कापडांवर चित्रे काढते आणि ती दूरच्या शहरांत प्रदर्शनात लागतात. मला भेगा पडल्या, पावाचे काम सुटले. पण चूल काही माझ्या नशिबी आली नाही. गावातल्या चित्रदालनात मी पाठ पुढे करून टांगलेली आहे. गाढवाचा एक कान वेडावाकडा आहे. तो सासूबाईंनी रंगवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या आधी तोच दाखवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी आपले स्वप्न असे उपडे घालून ठेवले असेल. त्याच्यावर खरखरीत कागद फिरू देऊ नका. आधी "भलं होवो" म्हणा, आणि मग हळूच उलटून पाहा.