सुर्ल्यातल्या पिवळ्या ऑर्किडांची गोष्ट

डेंड्रोबियम जातीच्या दोन ऑर्किडांच्या संकरातून गौरवीने शेकडो रोपं वाढवली, त्यांत मनासारखं झाड एकच निघालं. फूल फिकट पिवळं आणि ओठ, म्हणजे पुढे आलेली मधली पाकळी, कोकमाच्या सरबतासारखा लाल. बी धरून तसंच झाड पुन्हा मिळणार नव्हतं. म्हणून धारगळच्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत तिने त्याचे कोंब काढले आणि काचेच्या बाटल्यांत त्यांची वाढ सुरू केली. मदतीला बांद्याची शीतल होती.

पहिलं गिऱ्हाईक सुर्ल्याचे गोकुळदास. खाण बंद पडल्यावर ट्रक विकून त्यांनी घरामागे शेडनेट उभारलं होतं. पण तिथे आधी बाहेरून आणून लावलेली बाटलीतली रोपं फुलली, तेव्हा एकाचं फूल जांभळं तर दुसऱ्याचं वाकडं निघालं होतं.

"बाय, असल्या झाडांक परत हात लावचंय नाय म्हणत होतंय," ते गौरवीला म्हणाले. "तुझ्या शब्दावर लावतंय. पण माका सगळी एकसारखी व्हयी."

गौरवीने शब्द दिला.

एका कोंबाची रोपं तर अशी झपाट्याने वाढली, की अर्ध्या फळ्या त्यांनीच भरल्या. त्या बाटल्या शीतलने स्वतः भरलेल्या. रोपं बाहेर काढायच्या आधी गौरवीने प्रत्येक कोंबाच्या रोपांची आणि मूळ झाडाची पानं डीएनए तपासायला पणजीला पाठवली. तिथून आलेल्या फोटोत डीएनएच्या उजळ पट्ट्या दिसत होत्या आणि बाकी सगळ्यांच्या मूळ झाडाशी जुळत होत्या. त्या झपाट्याने वाढलेल्या रोपांत मात्र एक पट्टी गायब होती. पुन्हा ताजी पानं पाठवली, तरी तेच.

"एकच पट्टी ना?" शीतल म्हणाली. "बघ तरी, किती निरोगी आहेत."

"पानात फरक नाही दिसत. फुलात दिसलं तर?"

"आणि नाहीच दिसलं तर? चांगली झाडं उगाच मारल्यासारखं होईल."

गौरवीने एक हिरवीगार बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत फळीवर ठेवली. मग म्हणाली, "थोडी आपल्याकडे ठेवू. बाकीची काढून टाक."

शीतलने बाकीच्या बाटल्या रिकाम्या केल्या. गौरवीने गोकुळदासांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तर अर्धीच दी. सांगलंस, ह्यां बरां केलंस."

नारळाच्या केसाळ सोडणात आणि कोळशात रोपं सुर्ल्याला रुजली. रस्त्यावरची लाल धूळ पानांवर बसू नये म्हणून गोकुळदास रोज सकाळी स्वतः पाणी फवारत.

दोन-अडीच वर्षांनी, दिवाळी उलटल्यावर, आधी धारगळला राखलेली रोपं फुलली. ओठ दुमडलेले, लाल रंगाचे नुसते डाग. शीतल कितीतरी वेळ ती फुलं उलटीपालटी करून बघत राहिली.

"ताई, ही जर तिकडे गेली असती!"

तरी गौरवीचा जीव था‍ऱ्यावर नव्हता. डीएनएचा थोडाच भाग त्या तपासणीत दिसतो, हे तिला माहीत होतं. तेवढ्यात गोकुळदासांचा फोन आला. "येवा. दोघीय येवा." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

दोघी स्कूटरवरून डिचोलीमार्गे सुर्ल्याला पोहोचल्या. शेडनेटचं दार ढकललं आणि शीतलच्या तोंडून "अगो बाई!" निघालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या फुलांनी लगडलेल्या दांड्या झुलत होत्या. गौरवीने डबीतून मूळ झाडाचं फूल काढलं आणि झाडाझाडापाशी थांबून ओठाशी ओठ लावून पाहू लागली. एक रांग झाली, दुसरी झाली. तिची पावलं भराभर पडू लागली.

"काय सोधतंस गो?" गोकुळदास मागून हसत म्हणाले. "सकाळपासून माका एक वेगळां फूल गावूक नाय!"

गौरवी शेवटच्या झाडापाशी थांबली. डोळे भरून आले होते, पण ती मोठ्याने हसली.

गोकुळदासांनी वाड्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. त्यांच्या ट्रकवरचे जुने ड्रायव्हर महादेव फुलाजवळ वाकून म्हणाले, "माका पण गावतीत ही?"

गौरवी तोंड उघडणार, तोच शीतल पुढे झाली. "मिळतील. पण घाई करायची नाही. तपासणी झाल्याशिवाय एकही बाटली आमच्या दाराबाहेर जात नाही."

गोकुळदासांनी पहिली दांडी कापली आणि शीतलच्या हातात दिली.