वृद्ध आईकडे पाहून

लेकाच्या वकिलाने दंडाला धरून म्हातारीला पहिल्या बाकावर, न्यायाधीशांच्या थेट नजरेसमोर बसवलं.

"मावशी, तुम्ही फक्त दिसत राहा. बोलायचं काम माझं."

पण आज ती बोलायलाच आली होती. लेकाने शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या डोक्यात हातोडी घातली होती. गुन्हा शाबीत झाला होता, आता शिक्षा तेवढी ठरायची होती. साक्षीच्या वेळी तिने सांगितलं होतं, माय-लेकाची जरा बोलाचाली झाली, शेजारी मध्ये पडला. जरा बोलाचाली म्हणे! तो मध्ये पडला नसता तर हातोडी तिच्याच टाळक्यात बसली असती. पोटच्या पोराची अब्रू झाकायला वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला, तो साक्षीच्या पिंजऱ्यातही खाल्ला. आणि तो भला माणूस आता मागच्या बाकावर बायकोच्या खांद्याला टेकून बसलेला. लाळ गळते तेही त्याला कळत नव्हतं.

लेक कोठडीत गेल्यापासून ती खोलीच्या दाराला आतून टेबल न लावता झोपत होती. मेलं, या वयात एवढंच सुख हवं होतं तिला.

सरकारी वकिलांनी दहा वर्षं मागितली. तिने मनातल्या मनात ती आपल्या वयात मिळवून पाहिली. तोवर आपण नसूच. तिला हायसं वाटलं.

मग लेकाचे वकील उठले.

"तरुण वय, पहिलाच गुन्हा. आणि साहेब, ही त्याची आई. त्याच्याशिवाय हिला कोणी नाही."

न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

ती उठली. सकाळपासून घोटून ठेवलं होतं: साहेब, त्याला घरी पाठवू नका, तो मला मारतो. तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून लेकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शब्द फुटेना, फुटलं ते रडू. हुंदके देत तिने नुसता लेकाकडे हात केला.

न्यायाधीशांचा चेहरा सैल झाला.

"बसा आजी. समजलं मला."

ती बसली नाही. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हुंदकाच आला. शिपायाने तिला पाणी दिलं आणि अलगद खाली बसवलं.

"वृद्ध आईकडे पाहून," न्यायाधीश सांगू लागले. तीन वर्षं. त्यातली अडीच कोठडीत सरलेली.

इस्त्रीवाल्याच्या बायकोने नवऱ्याचं तोंड रुमालाने पुसलं, त्याला धरून उठवलं. जाताना ती बाकापाशी जराशी थांबली.

"तुमच्या रडण्याने तारलं त्याला, काकू."

आवाजात रागसुद्धा नव्हता. तिच्याकडे पाहायची म्हातारीची छाती झाली नाही.

मग पोलीस लेकाला घेऊन निघाले. तो तिच्यापाशी येऊन वाकला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

"लवकर येतो, आई. कुठं जाऊ नकोस."

सवयीने तिने मान हलवली.