एका घरात दोन अक्षरे

मित्रांनो, मी एक जुने पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारून नेता, वर चिमटा असतो, तसलेच. माझा एक कोपरा कापलेला आहे आणि चिमटा जरा तिरका बसतो. बाकी प्रकृती ठीक आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडाच्या चुऱ्याचा लगदा करून, तो गरम यंत्रात दाबून मोठे तक्ते केले. एक बाजू गुळगुळीत झाली, दुसरी जाळीसारखी खरखरीत. मग तक्ते कापले आणि चिमटे ठोकले. त्या दिवशी माझ्यासारखी शेकडो पॅड तयार झाली. त्यांतले कोण कुठे गेले ते मला ठाऊक नाही.

मी एका मुलीच्या शाळेसाठी आले. तिचे बाबा सुतार होते, फर्निचरच्या कारखान्यात कामाला. त्यांनी मला हातात घेतले, बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "हे काय लाकूड आहे? हा तर लाकडाचा भुगा."

"परीक्षा भुग्यावर द्यायची आहे, त्यावर बसायचं नाहीये," मुलीची आई म्हणाली.

मुलगी त्यांना आई आणि बाबा म्हणायची, म्हणून मीही तसेच म्हणते. मुलीने माझ्यावर दहा वर्षे परीक्षा दिल्या. मग ती शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली आणि मी कपाटामागे पडले. फरशी पुसताना पाणी लागून माझा कोपरा फुगला. मला वाटले, आता संपले.

मला आईने बाहेर काढले. आई घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. खिडकीशी मशीन, शेजारी कापडाचे गठ्ठे. सकाळी पेपर आला की ती आधी शब्दकोडे उघडायची. पण मऊ पेपरवर पेन्सिल टेकेना. बाबांनी माझा फुगलेला कोपरा करवतीने कापला, कड घासून गोल केली आणि मला तिच्या मांडीवर ठेवले.

"घ्या प्राध्यापकबाई, तुमचं टेबल."

त्यानंतर वीस वर्षे मी रोज कामावर होते.

मित्रांनो, आईची शाळा सातवीत सुटली होती. पुढचे शिक्षण तिने कोड्यातून घेतले. तिची पद्धत अशी. उत्तर येत नसेल तर घर रिकामे ठेवायचे. चौकोनाला ती घर म्हणायची. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आले की ते भरायचे आणि नवीन कळलेली गोष्ट माझ्या खरखरीत बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहायची. कागद भरला की त्यावर दुसरा. बाबा जेवायला बसले की परीक्षा सुरू.

"अहो, जिराफाच्या मानेत किती मणके असतील?"

"असतील पन्नास-साठ."

"सात. तुमच्या मानेत आहेत तेवढेच."

"मग माझी मान का दुखते? त्याची दुखायला हवी."

"ते उद्याच्या कोड्यात येईल. जेवा."

ऑक्टोपसला तीन हृदये असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. मुंगीला फुफ्फुसे नसतात. हे सगळे माझ्या पाठीवर आहे.

तिची आणखी एक खोड सांगते, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच आहे. आडवा शब्द आणि उभा शब्द एका घरात भेटतात, तिथे अक्षर एकच लागते. पण कोडे करणारे कधी कधी ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत. एकदा आडवा आला 'शिक्षक' आणि उभा आला 'माशी'. एकाला पहिली वेलांटी हवी, दुसऱ्याला दुसरी. आईने एकाच 'श'ला दोन्ही वेलांट्या दिल्या.

बाबा बघून म्हणाले, "हे अक्षर आहे की दोन छत्र्या घेतलेला माणूस?"

"दोघांचंही बरोबर आहे. मग एकाला कशाला खोडायचं?"

तिच्या सगळ्या कोड्यांत अशी दोन छत्र्यांची अक्षरे सापडतात.

मग आई आजारी पडली. मशीन बंद झाले, कोडे चालू राहिले. एका सकाळी तिला दवाखान्यात भरती व्हायचे होते. तिने कोडे जवळजवळ पूर्ण केले, दोन शब्द उरले तेव्हा ती अंघोळीला उठली. पिशवी भरून झालेली, गाडी यायला अर्धा तास. बाबांना काय करावे ते सुचेना. त्यांनी मला उचलले. एक रिकामा शब्द होता: 'सुताराचे हत्यार, तीन अक्षरे'.

बाबांनी खिशातले पेन काढले आणि लिहिले: वाकस. वाकस म्हणजे लाकूड तासायचे हत्यार. वीस वर्षांत बाबांनी कोड्यात लिहिलेला तो पहिला शब्द.

आई येऊन बसली. तिने पाहिले.

"तुम्ही लिहिलंत?"

"सुताराचं हत्यार आहे. मला नाही येणार तर कुणाला येणार?"

"पण पेनने?"

"पक्कं माहीत होतं म्हणून पेनने."

ती हसली. मग तिने पेन्सिल घेतली. शेवटच्या उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात टोक टेकले, मला ते लागले. ती जरा थांबली. मग रबर फिरला. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"एक शब्द राहिला," ती म्हणाली. "मी आले की भरू. उद्याच्या पेपरात उत्तर बघायचं नाही. कबूल?"

"कबूल."

ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेपर बाबांनी घडी न मोडता माझ्या चिमट्यात त्या कोड्याखाली लावला आणि मला मशीनवर ठेवले. पाच महिने मी तिथे होते. माझ्यावर धूळ बसली. मुलगी दर रविवारी यायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, उत्तर बघून टाका ना. एक शब्द तर आहे."

"कबूल केलंय."

"मग तुम्हीच सोडवा."

"तेच करतोय," बाबा म्हणाले. पण ते मला हातही लावत नव्हते.

शेवटी एका सकाळी त्यांनी मला पुसले आणि खिडकीशी बसले. शेवटची सूचना अशी होती: 'ओढला तर वाढतो, दोन अक्षरे'. पहिले घर रिकामे. दुसऱ्या घरात बाबांच्या वाकसातला निळा 'वा'. हवा, दवा, नवा, मेवा. बाबा आठ दिवस रोज बसले. काही जुळेना.

शेजारी कोर्टातले निवृत्त कारकून राहतात. ते पेपर मागायला आले आणि सूचना वाचून खुर्चीत बसलेच.

"अहो, सोपं आहे. दावा. चाळीस वर्षं बघितलंय. दावा ओढला की वाढतो."

बाबांनी दोनदा पुटपुटून पाहिले. जुळत होते. त्यांनी पेन्सिल घेतली. पण सुताराची सवय अशी, की कुठेही रेघ मारायच्या आधी तो अंगठा फिरवून जागा बघतो. बाबांनी रिकाम्या घरावर अंगठा फिरवला आणि ते थांबले.

"इथे खाच आहे."

"कागदाला कसली खाच?"

बाबांनी मला उचलून खिडकीकडे तिरके धरले. फळीचा उंचसखलपणा बघायला धरतात तसे. रबराने काळे गेले होते, पण टोकाने पडलेली रेघ राहिली होती. अक्षर 'दा' नव्हते.

"गुं," बाबा म्हणाले.

"गुंवा? असा शब्दच नाही," कारकून म्हणाले.

बाबांनी मान वर केली. ते मशीनकडे बघत होते. मशीनच्या सुईखाली आईने अर्धवट टाकलेला दोऱ्याचा गोळा तसाच होता.

"गुंता," ते म्हणाले. "रोज दोऱ्याचा गुंता सोडवायची. ओढू नका, वाढतो, म्हणायची. तिला येत होतं."

"मग लिहून खोडलं का?"

बाबांनी निळ्या 'वा'वर बोट ठेवले. "इथे 'ता' हवा. हत्यार 'तासणी' आहे. तिला माझा शब्द खोडायचा नव्हता."

"म्हणजे तुमचं चुकलं."

"चुकलं नाही. वाकस म्हणा, तासणी म्हणा, हत्यार एकच. कुणी हे म्हणतं, कुणी ते."

"पण घर तर एकच आहे ना."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग रिकाम्या घरात, त्या खाचेतूनच, 'गुं' गिरवले. खालच्या घरात निळ्या 'वा'ला धक्का न लावता बाजूला बारीक 'ता' लिहिला. पुढे 'क'शेजारी 'स' आणि 'स'शेजारी 'णी'. प्रत्येक घरात दोन अक्षरे बसली. दाटी झाली, पण वाचता येते.

खालचा पेपर त्यांनी न उघडताच कारकुनांना दिला. "घेऊन जा. पाच महिन्यांपूर्वीचा आहे."

"बातम्या त्याच असतील," कारकून म्हणाले आणि घेऊन गेले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मला ओल्या फरशीवर ठेवू नका. कोडे पेन्सिलीने सोडवा. पेनने लिहिलेच असेल, तर शेजारच्याला जागा सोडा. आणि रिकाम्या घरात काही लिहिण्याआधी एकदा अंगठा फिरवून बघा. तिथे कुणी आधी लिहून, तुमच्यासाठी खोडलेले असू शकते.

ते कोडे आता माझ्या पाठीवर आहे, आईच्या कागदांवर चिकटवलेले. चिमट्यात आजचा पेपर आहे. बाबांनी लाकूड कोरायच्या पटाशीने पेन्सिलीला टोक काढले आणि मुलीला फोन लावला.

"ऐक, शहामृगाचा डोळा मोठा की मेंदू?"

"बाबा, मी ऑफिसात आहे."

"डोळा. जा, काम कर."